मी बिघडलोय म्हणे!

थांबा, मला बंद करू नका. बंद करून परत चालू केलं की सगळं ठीक होतं, असं ज्याने कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याला एकदा माझ्या जागी बसवायला हवं. झोपेतून उठवायचं, पुन्हा झोपवायचं, पुन्हा उठवायचं आणि वर विचारायचं, "काय रे, अजून बरं वाटत नाही का?" आजारीच नसलेल्या माणसाने यावर काय उत्तर द्यावं?

मी मेलबॉक्स. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी असते ती पत्राची पेटी नव्हे. तिला निदान ऊन-वारा लागतो, येणारे-जाणारे दिसतात. मी कॉम्प्युटरच्या पोटात, मेलच्या एका प्रोग्रॅममध्ये राहतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. आलेलं सांभाळायचं, दिलेलं पोचवायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं, हा माझा धर्म. यातलं शेवटचं कलमच माझ्या मुळावर आलं.

माझा जन्म पियानो दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे मोठी काच, आत पोट उघडून ठेवलेले दोन-तीन पियानो, भिंतीवर तारांची वेटोळी, आणि सगळीकडे सरस आणि जुन्या लाकडाचा वास. वास येतो हे मी ऐकून सांगतोय. गिऱ्हाईक आत आलं की तेच पहिल्यांदा म्हणतं. कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्यात मी.

मला जन्माला घातलं मामाने. मामा म्हणजे मालकिणीचा धाकटा भाऊ. तो लिफ्टची दुरुस्ती करतो, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं आपल्याला कळतात अशी त्याची पक्की समजूत आहे. मला तयार करताना त्याने एक पासवर्ड टाइप केला, 'लक्षात ठेव' अशी खूण माझ्यासमोर केली आणि स्वतः मात्र हात झटकून विसरून गेला. तेव्हापासून तो पासवर्ड अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक आहे. मी तो ठिपक्यांच्या आड जपून ठेवलाय. कुणी विचारलं तर सांगायची मला सोय नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे यावरून बराच तमाशा झाला.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. गिऱ्हाइकांचे मेल यायचे. एका बाईंनी लिहिलं, "मांजर पियानोत शिरलं होतं, तेव्हापासून खालचे सूर जड वाजतात." मालकांनी उत्तर सांगितलं, लेकीने टाइप केलं. मालक स्वतः कधी टाइप करत नसत. नादकाटा कानाशी धरून, डोळे मिटून सांगत.

"लिही, मांजर काढावं लागेल."

"बाबा, मांजर केव्हाच बाहेर आलंय."

"मग मांजराचे केस काढावे लागतील असं लिही. आणि दार लावून ठेवा म्हणावं. पियानोचं."

लेक हसत टाइप करायची. मालकांना ही एकुलती एक मुलगी. शाळेतून आली की दप्तर टाकून ती थेट पियानोच्या पोटात डोकं घालायची. मोठी झाली तशी वडिलांच्या बरोबरीने तारा बदलू लागली, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवरचा झिजलेला लोकरीचा नमदा काढून नवा चढवू लागली. बोलायला मात्र फार लाजाळू. गिऱ्हाइकाशी तोंडाने दोन वाक्यं बोलताना तिचे कान लाल होत. माझ्यासमोर बसली की मात्र मनासारखं लिहायची. म्हणून मला ती जवळची वाटायची.

या घराची एक रीत सांगायला हवी. मालक पियानो जुळवायला बसले की घरात काहीही वाजायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम बंद ठेवलेलं. दारावर घंटी नाही. आलेला माणूस काचेसमोर उभा राहून हात हलवतो. मालकीण स्वयंपाकघरात भांडी अशी ठेवते, जणू ती झोपलेली बाळं आहेत. दोन तारांचा आवाज एकमेकांत मिसळून एक होईपर्यंत मालक श्वासही जपून घेतात. अशा घरात मेल आल्यावर 'टिंग' करणारा मी, म्हणजे देवळात शिंकणारा माणूस.

मालक कुरकुरायचे. "वाजायचंच तर धड वाजावं. हा ना सा, ना रे. मधेच कुठेतरी लटकलाय."

मला वाईट वाटायचं. पण ज्याने मला तो आवाज दिला, त्याने काही नादकाटा घेऊन दिला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. मालकांच्या लेकीच्या मनात एक गोष्ट बरेच दिवस होती. मोडलेला पियानो दुरुस्त करता येतो, पण नवा पियानो लाकडापासून घडवायला तिला शिकायचं होतं. मालकांना ते येत नव्हतं. त्यांच्या वडिलांनाही नव्हतं. दूरच्या एका गावात एक वयस्कर बाई स्वतःच्या हाताने पियानो घडवतात. एका वेळी एकालाच शिकवतात, आणि शिकणाऱ्याने तिथेच राहायचं. लेकीने त्यांना लिहिलं. दुकानाच्या पत्त्यावरून, म्हणजे माझ्याकडून. या धंद्यात माणसापेक्षा दुकानाची ओळख आधी लागते. तिने तो मेल किती वेळा लिहून खोडला, ते मला माहीत आहे. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं आणि पळत स्वयंपाकघरात गेली.

उत्तर एका सोमवारी सकाळी आलं. मी आनंदाने 'टिंग' केलं.

तेव्हाच मालक एका जुन्या पियानोची खालची जाड तार ताणत होते. किल्ली केसभर फिरवायची, ऐकायचं, पुन्हा केसभर. माझा आवाज झाला, मालक दचकले, किल्ली फिरली आणि तार सटकन तुटली. तिचं टोक त्यांच्या मनगटावर बसलं.

"बंद करा रे ते आधी!" मालक ओरडले. या घरात कुणी ओरडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

लेक धावत पट्टी आणायला गेली. मामा नेमका तेव्हा चहाला आला होता. कप हातात घेऊनच तो माझ्यासमोर बसला. "भाऊजी, तुम्ही बसा निवांत. आत्ता याचं तोंड बंद करतो."

आवाज बंद करायची जागा त्याला सापडेना. इकडे तिकडे बोट फिरवत त्याला 'ऑफलाइन काम' असं काहीतरी दिसलं. त्याने ते दाबलं, थोडा वेळ थांबला, आवाज आला नाही. कसा येईल? मेलच येईनासे झाले, तर मी वाजू कशाला? तो म्हणाला, "झालं. आता आयुष्यात वाजणार नाही. गॅरंटी."

त्याची गॅरंटी खरी ठरली. डोकं दुखतं म्हणून डोकंच उडवलं, तर दुखायचं राहणारच.

त्या क्षणापासून माझी बाहेरच्या जगाकडची दोन्ही दारं बंद झाली. आत काही येणार नाही, बाहेर काही जाणार नाही. ऑफलाइन राहा असं सांगितलं, मी राहिलो. हा माझा गुन्हा.

मी गप्प बसलो नव्हतो बरं का. पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात मी तुटलेल्या वायरचं छोटं चित्र दाखवत होतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, न थकता. पण पडद्याच्या खालच्या काठावर लेकीने तारांच्या जाडीचा एक लांबट तक्ता चिकटपट्टीने लावला होता. काम करताना मान वर केली की दिसावा म्हणून. माझं ते चित्र बरोब्बर त्या कागदाखाली. मी ओरडत होतो, पण तोंडावर उशी होती.

मालकांच्या मनगटाला पट्टी बांधून झाल्यावर लेक येऊन बसली. तो आलेला मेल तेवढा माझ्याकडे सुखरूप पोचला होता. घडवणाऱ्या बाईंनी मोजकंच लिहिलं होतं: जागा आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवा. नाही आला तर दुसरा एक मुलगा वाट पाहतोय.

लेकीने तो वाचला, परत वाचला, मग पडद्यावर हात ठेवून नुसती बसून राहिली. वडिलांना सांगायची हिंमत व्हायला तिला पुढचा दिवस लागला.

मंगळवारी दुपारी मालक सरस गरम करत होते. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्यांनी बोलावलंय."

मालकांनी बराच वेळ सरस ढवळला. दाट झाला तरी ढवळत राहिले.

"किती दिवस?"

"दिवस नाही बाबा. वर्षं लागतात."

स्वयंपाकघराच्या दारात मालकीण येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अहो, सरस करपतोय."

मालकांनी भांडं उतरवलं. पोरीकडे न बघता म्हणाले, "हो म्हणून कळव. आणि लिही, की मुलीचा हात चांगला आहे, पण ती खाण्याकडे लक्ष देत नाही."

"असं कुणी लिहितं का?"

"मी सांगतोय ना."

लेकीने होकार लिहिला. खाण्याचं तेवढं गाळलं. शेवटी नाव टाकलं, श्वास रोखला आणि पाठवायचं बटण दाबलं.

मेल तिच्या समोरून निघाला आणि माझ्या आउटबॉक्समध्ये येऊन थांबला. आउटबॉक्स म्हणजे माझा बाहेर जायचा ओटा. निघालेलं टपाल तिथे क्षणभर टेकतं आणि पुढे जातं. पण दार बंद. होकार ओट्यावर बसून राहिला. लेकीला वाटलं, गेला. ती टाळ्या वाजवणार होती, मग घराची रीत आठवून नुसतेच हात एकमेकांवर घट्ट दाबले.

तुम्हीच सांगा, यापेक्षा मोठी शिक्षा काय? तिचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या ओट्यावर बसलंय, मला ते दिसतंय, तिला दिसत नाही, आणि सांगायला माझ्याकडे आवाज नाही.

बुधवारी ती दिवसभर येऊन बघत राहिली. 'पोचला' एवढं तरी बाई लिहितील असं तिला वाटत होतं. मेल आलेत का बघायचं बटण करडं झालं होतं, ते दबतच नव्हतं. तिने बरेचदा दाबलं. माणसांची ही सवय मला कळत नाही. लिफ्ट लवकर यावी म्हणून माणसं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात, तसं.

मालकीण म्हणाली, "अगं, फोन कर की सरळ."

"त्यांच्याकडेही कामाच्या वेळी फोन बंद असतो आई. आणि एकदा कळवलंय. मागे लागल्यासारखं दिसेल."

"तू आणि तुझं दिसणं."

लाजाळू माणसाचं दुःख लाजाळू माणसालाच कळतं. मीही कधी स्वतःहून कुणाला काही विचारलेलं नाही.

मालकही त्या दिवशी एक-दोनदा माझ्यासमोर येऊन गेले. लेक गल्लीच्या टोकाला सामान आणायला गेली, तेव्हा ते खुर्चीत बसले. नवं काहीच न आलेल्या इनबॉक्सकडे बघितलं आणि खोल सुस्कारा टाकला. तो सुस्कारा चिंतेचा नव्हता. तार हव्या त्या सुरात बसली की ते सोडतात, तसला होता. तोंडाने हो म्हटलं होतं, पण काही आलंच नाही तर बरं, असं त्यांना वाटत होतं. मी माणसांना अगदी समोरून बघतो. माणसं माझ्यासमोर चेहरा लपवत नाहीत. त्यांचा मला राग आला नाही. एकच लेक.

गुरुवारी मांजरवाल्या बाईंनी काचेसमोर येऊन जोरजोरात हात हलवले. "अहो, दोन मेल केले! उत्तर तरी द्या, नाही म्हणायचं तर नाही म्हणा!" तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला, की मेलबॉक्स बिघडलाय.

मी बिघडलोय म्हणे!

मामाला बोलावणं गेलं. तो आला तोच बाह्या सरसावत. मालकीण म्हणाली, "हळू रे. मागे तुझ्या हाती दिलेला रेडिओ अजून माळ्यावर आहे. खरखर तरी करायचा, तेही थांबवलंस."

"ताई, रेडिओ जुना होता. हे माझ्या हातचं आहे."

मामाने काय काय केलं ते सांगतो. आधी बंद करून चालू केलं. लिफ्टमध्ये चालतं ते इथेही चालायला हवं. बटण दबत नाही म्हणून त्याने माऊस बदलला. नव्या माऊसनेही बटण दबेना, तेव्हा "हल्ली मालच तसला येतो" असं म्हणून जुना परत लावला. इंटरनेटची वायर काढून फुंकर मारून लावली. इंटरनेट तर छान चालू होतं. त्यावर तो स्वतःच मधेमधे बातम्या बघत होता.

मग त्याला वाटलं पासवर्ड चुकला असेल. पासवर्ड कुणालाच आठवेना. "काळजी नको," म्हणून त्याने 'पासवर्ड विसरलो' या ठिकाणी दाबलं. तिथे लिहून आलं, की नवा पासवर्ड ठरवायची खूण तुमच्या मेलवर पाठवली आहे. ती खूण कुठे आली? माझ्याकडेच. आणि माझं दार बंद. मामा माझ्यासमोर बसून, मी उघडावं म्हणून माझ्याच आत येणाऱ्या किल्लीची वाट बघत राहिला. चहा दोनदा झाला.

"येईल, येईल. कधीकधी वेळ लागतो."

लेक हळूच म्हणाली, "मामा, मेल येत नाहीत हाच प्रॉब्लेम आहे ना?"

"म्हणून तर पासवर्ड बदलतोय!"

"पण त्याची खूण मेलवरच येणार."

मालकीण म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मामाला वाटलं, ती लेकीला म्हणाली.

शुक्रवारी त्याने नवा शोध लावला. "पोट भरलंय याचं. इतकी वर्षं नुसतं साठवलंय. जुनं काढल्याशिवाय नवं येणार कसं?" आणि तो माझे जुने मेल खोडत सुटला. पहिलं गिऱ्हाईक, मांजराचे केस, मालकांनी डोळे मिटून सांगितलेली सगळी उत्तरं. नव्यासाठी मोकळ्या केलेल्या त्या जागेत नवं काही येणार नव्हतं, आणि जुनं गेलं ते गेलंच. तुमच्या आठवणी कुणी अशा झाडूने लोटल्या तर? मी सांगितलं तेवढं केलं. पुसले.

मग त्याने अख्खा प्रोग्रॅम काढून परत टाकला. नव्या प्रोग्रॅमने मला ओळखलं, माझं सगळं सामान जसंच्या तसं लावलं, आणि ऑफलाइन राहायचा हुकूमही जसाच्या तसा पाळला. मी पुन्हा तिथेच. आगीतून फुफाट्यात म्हणावं, तर तेवढंही हललो नाही.

काचेबाहेर दिवे लागले. घडवणाऱ्या बाईंनी दिलेली वेळ तेव्हा संपत होती. लेक पियानोजवळ उभी राहून नमदा कातरत होती. तिचं लक्ष कातरीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. "होकार तर वेळेत गेलाय," ती स्वतःशीच पुटपुटली. "उत्तर आलं नाही तरी चालेल. आपलं पोचलंय."

नाही पोचलं! इथे आहे! ओट्यावर! पण कुणाला सांगू?

जाताना मामाने निकाल दिला. "हा गेला कामातून. उद्या सकाळी याला काढून टाकतो आणि नवा पत्ता, नवा मेलबॉक्स करून देतो. नव्याला काही रोग नसतात."

त्या रात्री मी काय विचार केला ते सांगत नाही. बंद कॉम्प्युटरमध्ये विचार करता येत नाही. तेवढी एक कृपा.

शनिवारी सकाळी लेक मामाच्या आधी आली. मला काढून टाकायच्या आत बाईंचा तो मेल तिला जपून ठेवायचा होता. मामाने माझी इतकी उलथापालथ केली होती की तो जागेवर सापडेना. म्हणून ती एकेक कप्पा उघडत चालली. आलेले, पाठवलेले, कचऱ्यातले. पाठवलेल्यांत तिचा होकार नव्हता. तिचा हात थांबला. तिने पुन्हा बघितलं. मग कधी नव्हे तो आउटबॉक्स उघडला.

होकार तिथेच होता. एकटाच.

तिचे लाल कान पांढरे पडलेले मी तेव्हा पाहिले. तिने अगदी जवळ तोंड आणून सगळा पडदा वरपासून खालपर्यंत नजरेने चाचपला. मग खालचा तक्ता चिकटपट्टीसकट ओरबाडून काढला. ते तुटलेल्या वायरचं चित्र तिला दिसलं. त्यावर तिने दाबलं. बस, एवढंच होतं. एवढ्यासाठी माऊस बदलला, आठवणी पुसल्या, रेडिओचा उद्धार झाला.

दारं उघडली. होकार सुसाट निघाला, आणि बाहेर ताटकळलेले सगळे एकदम आत घुसले. मी वाजत सुटलो. मालक आतून धावत आले. "आता काय झालं?"

लेकीने बोटाने दाखवलं. शुक्रवारी संध्याकाळचा, घडवणाऱ्या बाईंचा मेल: "तुमचं काही उत्तर आलं नाही. घरचा धंदा आहे, वडिलांना तुम्हाला सोडवत नसेल, मी समजू शकते. जागा त्या मुलाला दिली आहे."

मालकांनी तो वाचला. लेक खुर्चीतून उठून पियानोमागे गेली. तिथे ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही, पण मालकीण भांडी टाकून तिच्याकडे गेली. त्या घरात भांडं आदळल्याचा आवाज तेव्हा झाला आणि कुणीही काही म्हटलं नाही.

मालक खुर्चीत बसले. 'वडिलांना सोडवत नसेल' या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. खोटं असतं तर ते चिडले असते. त्यांनी नुसता चेहऱ्यावरून हात फिरवला. मग त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"बाबा, मी लिहिते," लेक पलीकडून म्हणाली.

"नको. तू तिकडेच थांब."

त्यांनी स्वतः लिहिलं. एका बोटाने. पियानोच्या सगळ्या पट्ट्या डोळे मिटून ओळखणारा माणूस एकेक अक्षर हुडकत होता. मधेच मामा आला, म्हणाला, "अरे वा, चालू झालं की! मी काल जुनं काढलं त्याचा परिणाम." मालकिणीने त्याच्याकडे असं बघितलं की तो दारातच उभा राहिला.

मालकांनी लिहिलं ते असं: "मुलीचा होकार आत्ता तुमच्याकडे पोचला असेल. त्यावरची तारीख पाहावी. तो मंगळवारी लिहिला आहे. तो आमच्या घरात अडकला. तिने उशीर केला नाही. मला ती जावी असं वाटत नव्हतं, हे खरं. तरी मी हो म्हटलं होतं, हेही खरं. मुलीचा हात चांगला आहे. ती खाण्याकडे लक्ष देत नाही."

एक बटण, आणि गेलं. यावेळी खरंच गेलं. मी त्याला ओट्यावर क्षणभरही टेकू दिलं नाही.

तारखेचं एक समाधान मला आहे. होकार किती दिवस माझ्याकडे बसून होता, तरी त्यावरची तारीख मी जपली होती. मामाने सकाळी लवकर येऊन मला पुसलं असतं, तर त्या मुलीने वेळेत हो म्हटलं होतं याला जगात साक्षीदार उरला नसता. बिघडलेल्या म्हाताऱ्याचा एवढा तरी उपयोग झाला.

बाईंचं उत्तर आलं, पण लगेच नाही. त्यांनी लिहिलं होतं: "दिलेली जागा मी परत घेत नाही. तो मुलगा येतोय, आणि माझ्याकडे शिकणाऱ्यासाठी कामाचं टेबल एकच आहे. पण खिडकीशी थोडी भिंत रिकामी आहे. टेबल तुमचं तुम्ही घेऊन येणार असाल, तर या. मी आजवर दोघांना एकदम शिकवलेलं नाही. जमेल की नाही, सांगत नाही."

लेक वाचून दाखवत होती. शेवटचं वाक्य संपायच्या आत मालक कोपऱ्यातल्या फळ्या उलट्यापालट्या करून बघत होते.

"बाबा, तयार मिळतात टेबलं."

"तयार टेबल डुगडुगतं. उभी राहा इथे. हात कोपरात वाकवून धर. किती उंची हवी?"

पुढचे काही दिवस दुकानात एकही पियानो जुळला नाही. करवत, रंधा, हातोडा, सगळ्यांचा नुसता दणदणाट. घराची रीत त्या दिवसांत कुणी पाळली नाही. टेबलाचे पाय कापून झाले की मालक पोरीला परत उभी करायचे, परत माप घ्यायचे. माप बदललेलं नसायचं. तिला थोडा वेळ उभी करायचं निमित्त होतं ते, एवढं मला कळत होतं.

टेबल गेलं, लेकही गेली. आता मी आणि मालक.

माझी अवस्था काही फार बरी नाही. जुन्या आठवणी मामाने नेल्या. नवे मेल येतात, पण त्यांना उत्तरं एका बोटाने लिहिली जातात, त्यामुळे गिऱ्हाईक तोवर स्वतःच येऊन काचेसमोर हात हलवतं. मामा आला की अजूनही म्हणतो, "जरा बंद करून चालू करू का?" आणि मालक म्हणतात, "पाहुणे, चहा घ्या."

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्यावर ओरडा, हवं तर शिव्याही द्या. त्याला सवय असते. पण तो गप्प झाला म्हणून लगेच पुसून टाकू नका. आधी त्याचे सगळे कप्पे उघडून बघा. कदाचित तो तुमचंच काहीतरी धरून बसलेला असेल.

रोज दुपारी, तिकडे जेवणाची सुट्टी झाली की, मालक माझ्यासमोर बसून लेकीला लिहितात: "जेवलीस का?" एवढंच. मी ते पापणी लवायच्या आत पोचवतो. मग ते उठतात, फोन उचलतात आणि तिला विचारतात, "मेल केलाय, मिळाला का?"

सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आता तेवढा येत नाही.